नकाशातला गडद डाग कशाचा?

समजा, एका शहराचा नकाशा तुमच्यापुढे ठेवलाय. वस्तीवस्तीला रंग दिलेला आहे. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, रुग्ण जितके जास्त तितका रंग गडद. बहुतेक वस्त्या फिकट आहेत आणि मध्येच एक कोपरा काळपट लाल. लगेच डोक्यात चक्रं फिरू लागतात. तिथलं पाणी वाईट असेल का? कारखान्याचा धूर? शेजारून जाणारा महामार्ग? मग ती वस्ती ठाऊक असलेलं कुणीतरी सहज सांगतं, "अहो, तिथे वृद्धांचं मोठं शुश्रूषागृह आहे." तिथले रुग्ण तिथे राहून आजारी पडलेले नाहीत, आजारी पडल्यावर तिथे राहायला आलेत.

नकाशा खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं होतं, 'रुग्ण आज कुठे आहेत?' आपण उत्तर वाचलं ते 'आजार कुठे होतो?' या प्रश्नाचं. डिमेन्शियाचे नकाशे वाचताना हा घोटाळा पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेषात भेटतो. म्हणून हा लेख तो घोटाळा ओळखायचा कसा याबद्दल आहे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. डिमेन्शिया हा एकच एक आजार नव्हे. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे स्मरण, भाषा, दिशेचं भान, निर्णयशक्ती ढासळत जाऊन रोजचे व्यवहार जमेनासे होतात, त्या अवस्थेचं हे नाव. त्यात अल्झायमरचा वाटा ६० ते ७० टक्के. बाकी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गाठी साचून होणारा लेवी बॉडी डिमेन्शिया वगैरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक डिमेन्शियासह जगत होते आणि दरवर्षी त्यात जवळपास १ कोटींची भर पडते. २०५० पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या वर जाईल, असा एका मोठ्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. ही वाढ मुख्यतः लोकसंख्या वाढल्यामुळे आणि माणसं जास्त जगू लागल्यामुळे होणार आहे.

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. ही म्हण वैद्यकीयदृष्ट्या चूक तर आहेच, पण ती नकाशाही बिघडवते. कसा, ते पुढे येईल.

कागदावरचा नकाशा आणि संगणकातला नकाशा

कागदावरचा नकाशा एकदा छापला की संपला. डिजिटल नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. एका थरात वस्त्यांच्या सीमा, दुसऱ्यात जनगणनेतून आलेली वयाची माहिती, तिसऱ्यात दवाखाने, चौथ्यात रस्ते आणि बसमार्ग, पाचव्यात उपग्रहांच्या मदतीने काढलेला हवेतल्या सूक्ष्म धुळीचा अंदाज. रुग्णांचे पत्ते किंवा पिनकोड अक्षांश-रेखांशात बदलले की त्यांचाही एक थर तयार होतो. या सगळ्याला जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणतात. त्याचं खरं बळ चित्र काढण्यात नसून थरांना एकमेकांबद्दल प्रश्न विचारता येण्यात आहे. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत कितीजण राहतात? ८० वर्षांवरच्या किती लोकांना स्मृतिचिकित्सालयात पोचायला तासापेक्षा जास्त लागतो? असले प्रश्न कागदाला विचारता येत नाहीत.

थर निवडायचे कुठले, याला आता बरा आधार आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे १४ धोके नोंदवले. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण हे त्यांतले काही. हे चौदाही धोके आटोक्यात आणता आले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकेल किंवा लांबवता येईल, असा त्यांचा हिशेब. यातले बरेचसे धोके वस्तीनुसार कमी-जास्त होतात. म्हणजे नकाशा काढण्यात अर्थ आहे.

छेदाची गोष्ट

पण रंग भरण्याआधी शाळेतला अपूर्णांक आठवायला हवा. रुग्णसंख्या हा झाला अंश. छेद काय?

दोन काल्पनिक वस्त्या घेऊ. दोन्हीकडे ज्येष्ठ नागरिक एक-एक हजार. पहिल्या वस्तीत ९०० जण पासष्ट ते चौऱ्याहत्तर या वयातले आणि १०० जण पंच्याऐंशीच्या पुढचे. दुसरी वस्ती जुनी, तिथे हे प्रमाण निम्मं-निम्मं. आता दोन्हीकडे धोका अगदी सारखाच धरू: तरुण ज्येष्ठांत ३ टक्के, पंच्याऐंशीपुढे ३० टक्के. पहिल्या वस्तीत २७ अधिक ३०, म्हणजे ५७ रुग्ण. दुसरीत १५ अधिक १५०, म्हणजे १६५. नकाशावर दुसरी वस्ती जवळजवळ तिपटीने गडद दिसेल आणि तिथल्या हवापाण्यात काडीचाही दोष नसेल. दोष असलाच तर एवढाच, की तिथली माणसं जास्त जगली.

हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण मुद्दा खराच आहे. पासष्टीनंतर साधारण दर पाच वर्षांनी डिमेन्शियाचं प्रमाण दुप्पट होत जातं. त्यामुळे नुसती टक्केवारी रंगवली की तयार होतो तो वयाचा नकाशा. यावर उपाय म्हणजे वयाचं प्रमाणीकरण. 'दोन्ही वस्त्यांत वयाची रचना हुबेहूब सारखी असती तर प्रमाण किती दिसलं असतं?' असा हिशेब करून मग रंग भरायचा. वरच्या उदाहरणात तसं केलं की दोन्ही वस्त्या एकाच रंगाच्या होतात. आजाराचा कुठलाही नकाशा समोर आला की कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत 'वयानुसार समायोजित' असं काही लिहिलंय का ते आधी शोधावं. नसेल तर फार मनाला लावून घेऊ नये.

दुसरी अडचण अंशाची. नकाशात येतो तो निदान झालेला माणूस. ज्याच्या घरच्यांनी 'वय झालं आता' म्हणून सोडून दिलं, तो नकाशात नाहीच. 'साठी बुद्धी नाठी' नकाशा बिघडवते ती इथे. जिथे डॉक्टर जास्त आणि जाणीव जास्त, तिथे रुग्ण जास्त दिसतात. जिथे दोन्ही नाही, ती वस्ती फिकट, निरोगी दिसते.

इंग्लंडने या अडचणीचाच नकाशा केला. तिथली सरकारी आरोग्यसेवा प्रत्येक भागासाठी दोन आकडे काढते: घरोघरच्या पाहणीवरून त्या भागात डिमेन्शियाचे किती लोक असावेत याचा अंदाज, आणि डॉक्टरांच्या नोंदीत प्रत्यक्षात किती आहेत. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की निदानाचं प्रमाण निघतं. किमान दोन-तृतीयांश लोकांचं निदान व्हावं, हे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. २०१६ साली तिथे असे आकडे भागवार दाखवणारा डिमेन्शिया अ‍ॅटलास लोकांसाठी खुला झाला. गंमत अशी, की निदानाच्या नकाशात आकडा मोठा असणं ही चांगली बातमी. रुग्णसंख्येच्या नकाशात ज्या भागाची काळजी वाटावी, तोच भाग इथे शाबासकी घेऊन जाऊ शकतो.

तिसरा वेष अधिक चकवणारा. २०२३ साली अमेरिकेतल्या सगळ्या, म्हणजे तीन हजारांहून अधिक काउंट्यांचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अल्झायमरचा नकाशा प्रसिद्ध झाला. फ्लोरिडातली मायामी-डेड, मेरीलँडमधलं बाल्टिमोर शहर आणि न्यूयॉर्कचं ब्राँक्स, या तिन्ही ठिकाणी पासष्टीपुढच्या लोकांत प्रमाण १६.६ टक्के. बातम्यांत हे आकडे फिरले. पण त्या काउंट्यांत जाऊन कोणी रुग्ण मोजले नव्हते. शिकागोत वर्षानुवर्षं चाललेल्या एका अभ्यासातून वय, लिंग, वंश आणि शिक्षण यांचा अल्झायमरशी संबंध किती ते काढलं, आणि तो हिशेब प्रत्येक काउंटीच्या जनगणनेवर बसवला. सेवा कुठे लागतील याचं नियोजन करायला हे उत्तम. पण ब्राँक्सच्या मातीत-पाण्यात काही वेगळं आहे का, हे या नकाशाला विचारण्यात अर्थ नाही. ते त्याच्यात घातलेलंच नाही, तर बाहेर कुठून येणार?

पत्ता कुठल्या सालचा?

आजार आणि नकाशा म्हटलं की १८५४ सालच्या लंडनची आठवण निघतेच. डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि संशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे गेला. तो नकाशा बोलका ठरला, कारण पटकीचं दूषित पाणी प्यायल्यापासून आजारी पडेपर्यंत काही तास ते काही दिवस जातात. जिथे माणूस मेला, बहुधा तिथलंच पाणी तो प्यायला होता.

डिमेन्शियात ही सोय नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीच सुरुवात होते. तेवढ्या काळात माणूस नोकरीसाठी, मुलांसाठी, दवाखान्यासाठी तीनदा घर बदलतो. आजच्या पत्त्यावर टाचणी टोचणं म्हणजे गुन्हा एका गावात आणि पंचनामा दुसऱ्या गावात.

म्हणून चांगले अभ्यास जुने पत्ते धुंडाळतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातला २०१७ सालचा अभ्यास याचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. संशोधकांनी सुमारे ६६ लाख लोकांच्या नोंदी २००१ ते २०१२ या काळासाठी तपासल्या. घर मोठ्या रस्त्यापासून किती दूर, हे मोजताना अभ्यास सुरू होण्याच्या पाच वर्षं आधीचा पत्ता धरला. रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका ७ टक्क्यांनी जास्त, ५० ते १०० मीटरवर ४ टक्के, १०१ ते २०० मीटरवर २ टक्के, आणि त्यापलीकडे फरक नाही. अंतर वाढलं की धोका पायरीपायरीने उतरतो, ही जमेची बाजू. त्याहून मला आवडलेली गोष्ट वेगळीच. त्याच नोंदींत, त्याच रस्त्यांवर त्यांनी पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे आणखी दोन आजारही तपासले. तिथे असा संबंध सापडला नाही. रस्त्याजवळचे लोक एकंदरीतच जास्त आजारी किंवा गरीब असतात म्हणून हे दिसतंय, हा आक्षेप त्याने पुरता मिटत नाही, पण बराच दुबळा होतो. आणि ७ टक्के म्हणजे वैयक्तिक पातळीवर फार छोटी वाढ आहे, हेही विसरू नये. महामार्गाजवळच्या घरात राहणाऱ्याने हे वाचून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

स्कॉटलंडमध्ये तर योगायोगाने बालपणीचे पत्ते हाताशी होते. १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांची १९३२ साली बुद्धिमापन चाचणी झाली होती. कित्येक दशकांनी त्यांच्यातले डिमेन्शियाचे रुग्ण शोधून दोन नकाशे काढले. अकराव्या वर्षी कुठे राहत होते, त्याचा नकाशा सपाट निघाला. मोठेपणी कुठे राहत होते, त्यात मात्र ठिकाणाप्रमाणे फरक दिसला. त्याच संशोधनात स्वीडनमधल्या जुळ्यांमध्ये उत्तरेकडे धोका दक्षिणेच्या दोन-तीन पट आढळला. सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्व यांच्याकडे बोट दाखवलं गेलं, पण तो अजून तर्कच आहे. नक्की एवढंच म्हणता येतं, की ठिकाणाशी जोडलेलं जे काही असेल, ते बालपणानंतर घडत असावं.

सीमारेषांची लबाडी हा आणखी एक विषय. वस्त्यांच्या हद्दी जरा इकडेतिकडे सरकवल्या की तीच माहिती वेगळं चित्र काढते. छोट्या वस्तीत दोन रुग्ण वाढले तरी रंग पालटतो. आणि वस्तीच्या सरासरीवरून वस्तीतल्या माणसाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

डोक्यातला नकाशा

आतापर्यंत माणूस नकाशावरचा ठिपका होता. आता उलट बाजू. माणसाच्या डोक्यातही एक नकाशा असतो, आणि अल्झायमर अनेकदा आधी तोच फाडतो.

१९७१ साली मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ'कीफ यांना उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की जाग्या होतात. २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये जागेवर षटकोनी जाळी आखल्यासारख्या वागणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. अल्झायमरमध्ये टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते सुरुवातीलाच जिथे दिसतात, त्यांत हा एंटोरायनल भाग येतो. म्हणून नावं विसरण्याच्याही आधी काहींना ओळखीच्या रस्त्यावर चकवा लागतो. रोजचं वळण येतं आणि पाय अडखळतात.

हे मोजायचं कसं? २०१६ साली 'सी हीरो क्वेस्ट' नावाचा मोबाइल गेम निघाला. होडी घेऊन नकाशा बघायचा, तो मिटला की लक्षात ठेवून खाडीखाडीतून वाट काढायची. जगभरातून चाळीस लाखांहून अधिक लोक तो खेळले. कुठल्या वयात, कुठल्या देशात, पुरुष की स्त्री, यानुसार 'नेहमीचं' दिशाभान किती असतं, याचं एवढं मोठं मोजमाप आधी नव्हतं. २०१९ च्या एका अभ्यासात अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ हे जनुक असलेले, पण एरवी ठणठणीत लोक या खेळात वेगळे ओळखू आले. ते लांबचा मार्ग घेत आणि काठाकाठाने जात. नेहमीच्या स्मरणचाचणीत मात्र दोन्ही गट सारखेच होते.

२०२२ मध्ये ३८ देशांतल्या सुमारे चार लाख खेळाडूंच्या माहितीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. शहराबाहेर वाढलेल्यांचं दिशाभान शहरात वाढलेल्यांपेक्षा सरस असतं. रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ आखलेल्या शहरांत वाढलेले लोक सगळ्यांत मागे. डोळे मिटून चालता येईल अशा शहरात वाट शोधण्याचा सराव होणार कधी?

आकसत जाणारं वर्तुळ

तिसरा नकाशा एका माणसाच्या वावराचा. झोपण्याची खोली, घर, अंगण, आजूबाजूची वस्ती, शहर, शहराबाहेर अशी एकात एक वर्तुळं कल्पा. गेल्या आठवड्यात यातल्या कुठल्या वर्तुळापर्यंत गेलात, एवढ्या साध्या प्रश्नावरून वावराचा पैस मोजतात. शिकागोतल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की ज्यांचा वावर घरापुरता उरला होता त्यांना पुढे अल्झायमर होण्याची शक्यता गावाबाहेर जाणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होती. इथे घाईने 'फिरा म्हणजे होणार नाही' असा निष्कर्ष काढू नये. आजाराची चाहूल लागल्यामुळेच माणूस घरात बसू लागला असेल, हेही तितकंच शक्य आहे.

आता हे वर्तुळ जीपीएस आपोआप आखतं. अमेरिकेत सेंट लुईसला १३९ ज्येष्ठांच्या गाड्यांमध्ये वर्षभर यंत्र बसवून पाहिलं. अल्झायमरची सुरुवातीची, लक्षणं नसलेली अवस्था ज्यांच्या शरीरात दिसत होती, ते सावकाश गाडी चालवत, रात्री कमी बाहेर पडत आणि ठरलेल्या मोजक्या जागीच जात. त्यांचं त्यांनाही हे जाणवलं नसावं.

इथे पोटात गोळा यायला हवा, आणि येतो. गाडीच्या जीपीएसवरून मेंदूची अवस्था कळत असेल, तर विमा कंपनीलाही कळेल. एखाद्याचे चार दिवसांचे ठिपके पाहिले तर नाव नसूनही घर, डॉक्टर, देऊळ सगळं उघड होतं. म्हणून वस्त्यांचे नकाशे छापताना अगदी लहान आकडे झाकतात, ठिपके मुद्दाम थोडे सरकवतात. व्यक्तीच्या नकाशात असं झाकायला जागाच नाही. तिथे संमती लागते, आणि ती घ्यायची तर आजार लवकर कळला असताना, माणूस स्वतः विचार करू शकत असताना.

हरवलेल्यांचा प्रश्न आला की मात्र हीच माहिती जीव वाचवते. जपानमध्ये २०२३ साली डिमेन्शिया असलेल्या १९ हजारांहून अधिक व्यक्ती बेपत्ता झाल्याच्या नोंदी पोलिसांकडे झाल्या. शोधपथकांचा अनुभव सांगतो, की अशी माणसं बहुधा शेवटी दिसली त्या जागेपासून फार लांब नसतात. ती चालत राहतात आणि झुडूप, कुंपण, ओढा अशा जिथे अडकतात तिथेच थांबतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत. म्हणून शोधाचा नकाशा शेवटच्या जागेभोवती वर्तुळं आखून, त्यातले अडथळे आधी तपासत पुढे सरकतो. लांबवर गाड्या पिटाळण्याआधी शेजारच्या बागेतली झुडपं बघायची.

मला विचाराल तर या सगळ्यांत उपयोगी नकाशा सर्वांत कंटाळवाणा आहे. वीस वर्षांनी पंच्याऐंशीच्या पुढची माणसं कुठे राहत असतील? यात फारसं भाकीत नाही. ती माणसं आज पासष्टीत आहेत, त्यांची घरं ठाऊक आहेत. त्यावर दवाखान्यापर्यंतच्या वेळेचा थर ठेवायचा, आणि तोही सरळ रेषेतल्या अंतराचा नको. वाटेत नदी असते, दोन बस बदलायच्या असतात, आणि सोबत येणारी पत्नीही ऐंशीची असते. गाडीने वीस मिनिटं असलेली जागा तिच्यासाठी अर्धा दिवस असू शकते.

एक थर मात्र कुठल्याच माहितीसाठ्यातून येत नाही. तो मिळवायला डिमेन्शिया असलेल्या माणसाबरोबर त्याच्या नेहमीच्या वाटेने चालावं लागतं, आणि तो थबकेल तिथे खूण करावी लागते. बाक कुठे हवा, स्वच्छतागृह कुठे सापडत नाही, कुठला चौक ओलांडताना छाती धडधडते. अशा चालण्यांतून कळलेली एक गोष्ट रस्ते आखणाऱ्यांनी उचलण्यासारखी आहे. एकसारख्या घरांच्या एकसारख्या रांगांत ही माणसं हरवतात. वेगळ्या रंगाचं दार, जुनं झाड, टपालपेटी, घड्याळाचा मनोरा असं काही दिसलं की वळण आठवतं. रस्तारुंदीत असं झाड तोडायचं ठरलं, की ती खूण नकाशावर आधीच असलेली बरी.